हिरवी चौकट दिसली, आता पुढे? एआय लावून कोलोनोस्कोपी करताना काय काय बघायचं

कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने (स्कोपने) मोठं आतडं आतून बघताना, मदत करणारा एआयचा डबा आमच्याकडे आला त्या पहिल्याच आठवड्यात त्याने सगळ्यात जोरात टुणटुण करून दाखवलेली गोष्ट पॉलिप, म्हणजे आतड्यातला उंचवटा, नव्हतीच, डाळिंबाचं बी होतं. पेशंट सटाण्याकडचे, घरची बाग, आदल्या दिवशी नातवाने सोललेले दाणे पुढे केले तर नाही कसं म्हणायचं, दोन घास खाल्ले आणि वर आम्हाला सांगितलं "ताई, कालपासून नुसतं पाणी". स्क्रीनवर हिरवी चौकट आली, सरांनी स्कोप थांबवला, मी वॉटर जेट मारला आणि ते "पॉलिप" वाहून गेलं. सगळे हसले. पण मला तेव्हाच कळलं की हा डबा फक्त समोर आलेलं बघतो, समोर काय आणायचं ते आपल्याच हातात आहे, आणि या सगळ्या लिखाणात मला खरं तर एवढंच सांगायचंय.

मी नाशकात स्कोप रूममध्ये १७ वर्षं आहे. आधी वॉर्डात सिस्टर होते, मग इकडे आले आणि इकडचीच झाले. हे लिहितेय ते मुख्यतः ज्यांच्या युनिटला नवीन एआय आलंय त्या टेक्निशियन, सिस्टर आणि नवीन डॉक्टरांसाठी, पण ज्यांची कोलोनोस्कोपी ठरलीय त्यांनीही वाचायला हरकत नाही, निम्मं काम तुमचंच आहे. औषधं आणि कापाकापीचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचे, ते मी इथे देत नाही.

आधी थोडक्यात, हे आहे काय

मोठं आतडं साधारण दीड मीटर. त्यात आतून जे कोंब फुटल्यासारखे उंचवटे येतात ते पॉलिप. सगळे वाईट नसतात, पण अॅडेनोमा जातीचे काही वर्षानुवर्षं वाढत जाऊन कॅन्सर होऊ शकतात, साधारण दहा वर्षांचा हिशोब सांगतात, म्हणजे मधे सापडला आणि काढला की विषय संपला. सापडणं हीच अडचण आहे. मोठा, देठावरचा, मशरूमसारखा पॉलिप कोणालाही दिसतो. ३-४ मिलिमीटरचा, चपटा, आजूबाजूच्याच रंगाचा असेल तर चांगल्या चांगल्या डोळ्यांखालून जातो.

एआयचा डबा म्हणजे हजारो पॉलिपचे फोटो-व्हिडिओ दाखवून शिकवलेला कॉम्प्युटर. प्रोसेसरमधून येणारं चित्र तो चालू असतानाच बघतो आणि संशय आला की चौकट काढतो, काही कंपन्यांचा हिरवी काढतो काही निळी, सोबत आवाज. बस. तो स्कोप चालवत नाही, पॉलिप काढत नाही. काही मशीनमध्ये "शोधणारा" भाग वेगळा आणि "हा कुठल्या जातीचा वाटतो" हे सांगणारा भाग वेगळा असतो, दोघांची गल्लत करू नका, मी इथे शोधणाऱ्याबद्दलच बोलतेय. आणि एक गैरसमज सगळीकडे ऐकते की "तो आपले पेशंट बघून रोज हुशार होतो". तसं नसतं हो. मंजुरी मिळालेलं सॉफ्टवेअर बहुतेक करून गोठवलेलं असतं, कंपनी नवीन व्हर्जन टाकेल तेव्हाच बदलणार.

उपयोग होतो का, तर होतो. २०१९ मध्ये चीनमधल्या सिचुआनचा १०५८ पेशंटचा अभ्यास आला, त्यात किमान एक अॅडेनोमा सापडलेल्या पेशंटचं प्रमाण एआयशिवाय २०.३ टक्के होतं, एआय लावून २९.१. पुढच्याच वर्षी इटलीच्या ३ केंद्रांत ६८५ पेशंटमध्ये ४०.४ वरून ५४.८. मग एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) जीआय जीनियसला परवानगी दिली, अशा प्रकारचं तिथलं ते पहिलं मशीन. २०२२ मध्ये एक अभ्यास आला त्यात एकाच पेशंटची लागोपाठ दोनदा तपासणी केली, एकदा एआयने एकदा बिनएआयने, आणि पहिल्या फेरीत सुटलेले अॅडेनोमा मोजले: आधी एआय असेल तर १५.५ टक्के सुटले, आधी नुसते डोळे असतील तर ३२.४. म्हणजे सुटणं निम्म्यावर आलं, पण बंद नाही झालं, हे १५ टक्के लक्षात ठेवा.

आणि लगेच हुरळून जाऊ नका. जास्तीचे जे सापडतात ते बहुतेक बारीक, ५ मिलिमीटरच्या आतले. मोठ्या, खरंच धोक्याच्या पॉलिपमध्ये फरक पडतो का यावर डॉक्टर लोकांचं अजून एकमत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या गॅस्ट्रो संघटनेने "वापरा" पण म्हटलं नाही "वापरू नका" पण म्हटलं नाही, आणि बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या पॅनलने तर सरसकट वापराच्या विरोधात सौम्य शिफारस केली, का तर बारीक पॉलिप सापडले की पुढच्या तपासण्या वाढतात. तर कोणी पेशंटला "एआयने केलंय म्हणजे शंभर टक्के" सांगत असेल तर ते चूक आहे, मग सांगणारा कोणीही असो.

प्रेप, प्रेप आणि प्रेप

प्रेप म्हणजे तपासणीआधी आतडं साफ करणं. यावर मी जास्त लिहिणार कारण डबा कितीही लाखांचा असला तरी शौचाच्या थराखालचं त्याला दिसत नाही.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली, चोथा बंद. आपल्याकडे नुसतं "हलका आहार" म्हटलं की लोक मुगाची खिचडी खातात हे खरं, पण सोबत टोमॅटोची कोशिंबीर खातात. नाव घेऊन सांगा: टोमॅटो, वांगं, काकडी, पेरू, डाळिंब, द्राक्षं, अंजीर, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, मोडाची मटकी. मटकी म्हटलं की मिसळ आलीच, हो, तीपण बंद. सीझनमध्ये निफाड-दिंडोरीकडच्या पेशंटला द्राक्षं वेगळी सांगावी लागतात, कारण त्यांच्या हिशोबात द्राक्षं म्हणजे पाणीच असतं. आदल्या दिवशी नितळ पातळ: पाणी, शहाळं, लिंबूपाणी गाळून, कोरा चहा. दूध नाही. लाल-जांभळं काही नाही, म्हणजे कोकम सरबत, बीट, काळ्या द्राक्षांचा ज्यूस नको, ते आत रक्तासारखं दिसतं आणि मग आम्ही दहा मिनिटं धूत बसतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, त्याने आत काळं चिकट होतं. रक्त पातळ करणारी गोळी आणि शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरला विचारायचं, हे पेशंटच्या कागदावर पेनाने अधोरेखित करा. किडनी-हार्टवाल्यांची पोट साफ करायची पावडर वेगळी असू शकते, तेही डॉक्टरच ठरवणार, शेजारच्या काकांची उरलेली पाकिटं चालत नाहीत.

पावडर एकदम रात्री संपवण्यापेक्षा दोन भागात घेतलेली बरी, अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी, वेळेच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायची. का, तर रात्री सगळं साफ झालं तरी सकाळपर्यंत लहान आतड्यातून पिवळा चिकट स्राव उतरतो आणि नेमका उजव्या बाजूला, सीकमला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) जाऊन बसतो. चपटे पॉलिप लपतात ते नेमके याच बाजूला.

आता पुस्तकात हे सोपं आहे. सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्या माणसाला "सकाळचा डोस घरी घ्या आणि या" म्हणणं म्हणजे त्याला एसटीत बसवून छळणं. लोक मग सरळ सकाळचा डोस गाळतात आणि आपल्याला सांगत पण नाहीत, सांगणार तरी कसं. आम्ही आता लांबच्या पेशंटला आदल्या संध्याकाळीच बोलवतो, कोणी पाहुण्यांकडे उतरतं, कोणाला वॉर्डात बेड देतो. आणि मावशींना सांगून ठेवलंय की शेवटचं बघा. "साफ झालं का" विचारलं की सगळे हो म्हणतात, त्यापेक्षा "लघवीसारखं नितळ पिवळं पाणी येतंय का, की अजून गढूळ?" असं विचारा, उत्तर खरं येतं. गढूळ असेल तर टेबलावर घेण्याआधीच सरांच्या कानावर घाला.

आत गेल्यावर बोस्टन स्कोअर लिहायचा, उजवा, मधला, डावा असे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३. तिन्ही भागांना निदान २ असतील तरच तपासणीला काही अर्थ आहे. एखाद्या भागाला १ आला तर रिपोर्टात "एआय असिस्टेड" लिहून तो भाग स्वच्छ होत नाही.

फेस हा वेगळा विषय. बुडबुड्यांवर चौकटी अशा नाचतात की दिवाळीच वाटते. सिमेथिकोन (फेस मारणारं औषध) प्रेपसोबतच पोटातून दिलेलं बरं. वॉटर जेटच्या बाटलीत ते ओतायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडा, स्कोपच्या बारीक चॅनेलमध्ये त्याचा थर राहतो आणि धुऊनही नीट निघत नाही. लागलंच तर अगदी पातळ करून सिरिंजने बायोप्सी चॅनेलमधून.

डबा जोडणं, आणि आमची फजिती

चित्राचा रस्ता असा: स्कोप, प्रोसेसर, मग एआयचा डबा, मग मॉनिटर. डबा मधे आहे. म्हणजे सर ज्या मॉनिटरकडे बघतात त्याची केबल डब्यातून निघालेली पाहिजे. हे वाचायला बावळट वाटतं ना? मी आधी जिथे होते तिथे एकदा सर्व्हिसवाला संध्याकाळी केबल काढून परत लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी मेन मॉनिटरला थेट प्रोसेसरचं चित्र येत होतं, डब्याचं चित्र जात होतं भिंतीकडे तोंड केलेल्या दुसऱ्या मॉनिटरला. आवाज म्यूट होता. चार पेशंट झाले. चौघांच्या रिपोर्टवर एआय लिहिलं गेलं. पाचव्याला मामा ट्रॉली घेऊन मागून आले आणि म्हणाले "इकडं काय हिरवं हिरवं दिसतंय?" तेव्हा कळलं. रिपोर्ट दुरुस्त केले, आणि त्या दिवसापासून माझी सवय अशी की पहिल्या पेशंटच्या आधी तीन गोष्टी तोंडाने बोलून बघायच्या: मेन मॉनिटरवर एआय चालू असल्याची खूण आहे, आवाज ऐकू येतोय, व्हाइट बॅलन्स झालाय. तोंडाने बोलायच्या, मनात नाही.

लाइट गेली तर प्रोसेसर यूपीएसवर तग धरतो, पण डबा त्याच यूपीएसवर आहे का ते बघा, नसेल तर तो परत चालू व्हायला वेळ घेतो आणि मधल्या वेळात सर आपले त्याच्या भरवशावर. डबा बंद पडला की मोठ्याने सांगा, "सर, एआय गेलंय". लेन्सवर थेंब किंवा चरबीचा थर असेल तर तोपण पुसा, धुरकट चित्रात डबा गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याला लोक "क्लीन" समजतात.

आत जाताना आणि बाहेर येताना

आत जाताना एआय चालू ठेवायचं की बंद यावर प्रत्येक सरांचं वेगळं असतं. माझं मत, आवाज बंद ठेवा, सिग्मॉइडची (डाव्या बाजूच्या नागमोडी भागाची) वळणं काढताना कानाशी टुणटुण नको. पण जाताना एखादा बारीक पॉलिप डोळ्याला दिसलाच तर "येताना काढू" म्हणू नका, येताना तो मिळत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. तिथेच काढा.

सीकमला पोचलो की अपेंडिक्सचं तोंड आणि लहान आतडं जिथे येऊन मिळतं तिथली झडप दोन्हींचा फोटो. मग आवाज चालू, वेळ चालू. इथून खरी तपासणी. बाहेर येण्याचा वेळ निदान ६ मिनिटं हे जुनं माप, अमेरिकेतल्या संघटनांनी २०२४ मध्ये ते सरासरी ८ वर नेलं, आणि यात धुण्याचा आणि पॉलिप काढण्याचा वेळ धरायचा नाही. ही ६ मिनिटं हवेतून आलेली नाहीत. २००६ मध्ये १२ डॉक्टरांच्या ७८०० च्या वर तपासण्या बघितल्या तर सरासरी ६ मिनिटं किंवा जास्त घेणाऱ्यांना २८.३ टक्के पेशंटमध्ये काहीतरी सापडलं, घाई करणाऱ्यांना ११.८. तेव्हा एआय नव्हतं. म्हणजे फुकटात मिळणारा हा फरक आहे, नुसतं सावकाश यायचं.

एआय आल्यावर एक वाईट सवय लागते, ती मी जवळून बघितलीय. स्कोप नळीच्या मधोमध धरून सरळ मागे ओढत यायचं आणि चौकटीची वाट बघायची. अहो, आतडं पाइप नाही, घड्या आहेत, प्रत्येक घडीच्या मागे जागा आहे. साडीच्या निऱ्यांत पडलेली टिकली शोधायची तर निऱ्या उलगडाव्या लागतात, लांबून मोबाईलचा टॉर्च मारून नाही दिसत. टोक वळवून प्रत्येक घडीच्या मागे जा, साचलेलं पाणी ओढून घ्या, हवा पुरेशी भरा, चिकट दिसलं की धुवा. पेशंटची कूस बदला, उजव्या भागाला डाव्या कुशीवर, मधल्या आडव्या भागाला पाठीवर, डाव्या भागाला उजव्या कुशीवर, त्याने पाणी खाली जातं आणि बघायचा भाग वर येऊन फुगतो. कूस बदलायला मामांना आणि मला ताकद लागते म्हणून बरेच जण टाळतात, आम्ही कधी तक्रार केली नाही, तुम्ही सांगा फक्त. उजवा भाग दोनदा बघा. शेवटी रेक्टममध्ये स्कोप उलटा वळवून बघायला विसरू नका, तिथे डबा मूळव्याधीवर हमखास चौकट काढतो ते सोडा.

चौकट आली

पहिली गोष्ट, थांबा. पण घाबरून नाही. चौकट झटकन येऊन गेली तर बहुतेक वेळा ती घडीची कड, बुडबुडा, नाहीतर सक्शनचा लाल ठिपका असतो. इटलीवाल्यांनी खोट्या चौकटी मोजल्या तर एका तपासणीत सरासरी २७ निघाल्या, बहुतेक भिंतीच्या घड्यांवरच्या, आणि बहुतांश एका नजरेत बाद होणाऱ्या. टिकून राहणारी चौकट, स्कोप थोडा हलवला तरी त्याच जागेला चिकटलेली, ती खरी मानून बघायची. धुवा, जवळ जा, हवा थोडी कमी-जास्त करा. घडी असेल तर आकार बदलते, पॉलिप बदलत नाही. मग रंगीत लाइटवर टाकून पृष्ठभाग बघायचा, रक्तवाहिन्यांची जाळी तिथे तुटलीय का. फोटो आधी चौकटीशिवाय घ्या, मग चौकटीसकट, नंतर हिस्टो रिपोर्टशी (काढलेल्या तुकड्याच्या लॅब रिपोर्टशी) ताडायला बिनचौकटीचाच कामाला येतो.

माप अंदाजाने सांगू नका, उघडलेला फोर्सेप (चिमटा) किंवा स्नेअर (तारेचा फास) शेजारी धरा. नाहीतर ४ मिलिमीटरचा ७ होतो आणि पेशंटची पुढची तारीख बदलते. १० मिलिमीटरच्या आतले बहुतेक बिनकरंटच्या स्नेअरने निघतात, कडेचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर चांगला भाग धरून. निघालेला तुकडा सक्शनमधून येतो, ट्रॅप नसेल तर नळीच्या जोडावर गॉज लावून पकडते मी. प्रत्येक जागेचा वेगळा, वेगळी डबी, फॉर्मालिन, त्यावर जागा आणि सेंटिमीटर. एआयमुळे पॉलिप वाढलेत म्हणजे डब्या वाढल्यात, लिस्टच्या आधीच लेबल लावून जास्तीच्या ठेवा. एकदा गडबडीत दोन डब्यांच्या लेबलांची अदलाबदल होता होता वाचली तेव्हापासून मी डबी हातात घेऊन नाव मोठ्याने वाचते आणि सर "हो" म्हटल्याशिवाय झाकण लावत नाही.

चौकट आली नाही

हा भाग खरा महत्त्वाचा. गेल्या पावसाळ्यात एक बाई होत्या, पन्नाशीच्या, प्रेप छान, डबा छान चालू. उजव्या वळणाच्या अलीकडे एका घडीवर पिवळट चिकट थर होता, रुपयाएवढा. डबा गप्प. सर पुढे, म्हणजे मागे सरकत होते. मला काय वाटलं सांगता येत नाही, बाकी सगळं आतडं काचेसारखं स्वच्छ आणि इथेच का चिकटलंय? म्हटलं, "सर, जरा धुवून बघायचं का?" दोनदा जेट मारला तरी निघेना. तिसऱ्यांदा निघाला आणि खाली चपटा, फिकट, ढगासारख्या काठाचा उंचवटा. सेसाइल सेरेटेड, पॉलिपचीच एक चपटी जात. हे असेच असतात, अंगावर श्लेष्माची टोपी घालून बसतात, आणि ज्यांची नजर शिकलेली नाही त्यांना ती घाणच वाटते. टोपी निघाल्यावर डब्याने चौकट काढली, तीही जाऊन-येऊन करत. सर म्हणाले "आता दाखवतोय होय रे".

तर टेबलाजवळ उभ्या सगळ्यांना सांगायचंय, बोला. सिस्टर, टेक्निशियन, शिकाऊ डॉक्टर, ज्याला दिसलं त्याने बोलायचं, चुकलं तर चुकलं, दहा सेकंद जातात. आणि सीनियर लोकांना हात जोडून विनंती की पहिल्यांदा बोललेल्याला झापू नका, तो परत कधी बोलत नाही.

कोलायटिसच्या पेशंटमध्ये डब्यावर अजिबात विसंबू नका. सुजलेल्या आतड्यात चौकटी उगाच येतात किंवा येतच नाहीत, आणि मोठ्या चाचण्यांमध्ये असे पेशंट घेतलेलेच नव्हते.

पेशंट स्क्रीन बघत असेल तर

हलक्या झोपेवर असलेले काही जण स्क्रीन बघतात. मालेगावकडच्या एका आजोबांनी एकदम विचारलं, "हाई हिरवं काय शे व ताई?" आणि प्रत्येक चौकटीला त्यांचं बीपी वर. टुण वाजलं की त्यांना वाटायचं एक कॅन्सर वाढला. तेव्हापासून आधीच सांगते: "मशीन शंका आली की वाजतं, बऱ्याचदा उगाच वाजतं, वाजलं म्हणजे रोग नाही." दोन वाक्यं, पण आत घेण्याआधी सांगायची, आतमध्ये सांगून उपयोग नाही. आणि मॉनिटर पेशंटच्या नजरेतून थोडा वळवता आला तर वळवा.

पेशंटनी पण विचारावं. एआयचे पैसे वेगळे लावतात का ते आधी विचारा, बिलावर आल्यावर नाही. त्याहून महत्त्वाचं, प्रेपचा स्कोअर किती आला, सीकमपर्यंत पोचले का, बाहेर यायला किती मिनिटं लागली, हे तीन रिपोर्टवर आहेत का बघा. हे तीन नसतील आणि नुसतं एआय लिहिलं असेल तर त्या एआयला मी तरी किंमत देणार नाही. आपल्याकडे लक्षणं नसताना सगळ्यांची कोलोनोस्कोपी करायचा सरकारी कार्यक्रम नाही, बहुतेक जण शौचावाटे रक्त, वजन कमी होणं, अॅनिमिया असं काही घेऊन येतात. रक्त पडतंय तर मूळव्याधच असेल म्हणून दोन-दोन वर्षं मलमं लावत बसू नका, दाखवा. घरात आई-वडील, भाऊ-बहिणीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर ते तर आधी सांगा.

आठवड्यातला एक दिवस बिनडब्याचा

हे आमच्या मॅडमनी सुरू केलं आणि मला आधी पटलं नव्हतं. २०२५ मध्ये पोलंडच्या ४ केंद्रांचा अभ्यास आला: एआय येण्याआधी त्या डॉक्टरांना २८.४ टक्के पेशंटमध्ये अॅडेनोमा सापडत होते, एआय वापरायला लागल्यावर ज्या तपासण्या एआय न लावता केल्या त्यात २२.४. म्हणजे डबा नसताना त्याच डॉक्टरांची नजर आधीपेक्षा मंद झाल्यासारखी. त्यावर वाद आहेत, पेशंटच वेगळे होते वगैरे, पण मी स्वतःचं बघितलं तर खोटं नाही वाटत. डबा आल्यापासून मी पण आधी कान टवकारते आणि मग डोळे. गुरुवारी आवाज आणि चौकट दोन्ही बंद असतात तेव्हा पहिल्या पेशंटला डोळे दुखतात, तिसऱ्यापर्यंत सगळे परत नीट बघायला लागतात. ज्यांच्याकडे शिकाऊ डॉक्टर आहेत त्यांनी तर हे कराच, पहिले काही महिने चौकटीशिवाय शिकू द्या त्यांना.

हिशोब ठेवायचा, पण सोपा. एक वही किंवा एक्सेल, प्रत्येक पेशंटला एक ओळ: एआय चालू होतं का, स्कोअर, बाहेर यायची मिनिटं, किती पॉलिप, त्यातले चौकटीने दाखवलेले किती आणि माणसाने आधी पाहिलेले किती, आणि आठ-दहा दिवसांनी हिस्टो आला की अॅडेनोमा किती. हा शेवटचा रकाना कोणी भरत नाही, तोच भरा, त्याशिवाय नुसते "पॉलिप वाढले" म्हणण्यात दम नाही, काढलेलं कधी कधी साधं मांस पण निघतं. आणि आपले आकडे परदेशातल्या स्क्रीनिंगच्या आकड्यांशी लावू नका, तिकडे लक्षणं नसलेली ४५-५० च्या पुढची माणसं असतात, आपल्याकडे गर्दीच वेगळी. स्वतःचेच मागच्या तिमाहीचे आकडे समोर ठेवा.

क्लिप्स काढायचा मोह होतो, चौकटीसकट पॉलिप भारी दिसतो. पण कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि नंबर असतो, ते तसंच व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातं. आम्ही आता लिस्ट संपली की एक्सपोर्टमध्ये नाव लपवून पेनड्राइव्हवर घेतो, पेनड्राइव्ह कपाटात, चावी माझ्याकडे, आणि मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढायचा नाही असा कागद टॉवरवर चिकटवलाय. तो कागद मामांनी लॅमिनेट करून आणला, का तर पहिला वॉटर जेटने भिजला.